वीस ग्रॅमचं मागणं

बाप्पा, ऐक.

आज मंगळवार, तुझ्यापुढे रांग असेल. मी रांगेत नाही. मी घरी खिडकीपाशी बसले आहे, मांडीवर पिवळी लोकर, हातात दहा नंबरच्या सुया. तोंडानं तुझं नाव घेते आणि मध्येच टाके मोजते. अठ्ठावीस, एकोणतीस, गणराया, तीस. जप म्हणावा तर त्यात आकडे शिरतात, आकडे म्हणावेत तर तू शिरतोस. आज असंच चालवून घे.

ऊब दे, देवा. दुसरं काही मागायला आले नाही. ऊब दे.

थंडी काय असते ते तुला सांगायला नको. सारसबागेत दर हिवाळ्यात तुला स्वेटर चढवतात, डोक्यावर लोकरीची टोपी घालतात. १७८४ साली, सवाई माधवरावांच्या काळात, तू तिथे तळ्यात येऊन बसलास. पुढे तळ्याची बाग झाली, तरी आमच्या तोंडी तू तळ्यातलाच राहिलास. तुझा स्वेटरमधला फोटो पेपरात आला की पुण्याला थंडी पडली असं आम्ही धरून चालतो, वेधशाळा काही का म्हणेना. हसणारे हसतात. देवाला कसली थंडी, म्हणतात. हसू देत. तुला पहिल्यांदा ज्या कुणी स्वेटर घातला असेल, त्या माणसाला माझा नमस्कार आहे. त्याला तुझ्यातलं लेकरू दिसलं.

माझं लेकरू तुझ्याहून लहान आहे, बाप्पा.

फेब्रुवारीत यायची होती, मार्गशीर्षातच आली. एकतिसावा आठवडा, वजन चौदाशे पन्नास ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली आहे. एक नळी नाकाशी, एक तोंडातून पोटात, पायाला एक तांबडा दिवा बांधलेला, तो प्राणवायू मोजतो म्हणे. पेटीवर चिठ्ठी लावली आहे, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे माझ्या लेकीचं नाव. हिला स्वतःचं नाव अजून नाही. बारसं व्हायचं आहे. बारसं होऊ दे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि मी ते रात्रभर मनात घोळवलं. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, बाळांना कुडकुडता येत नाही. म्हणून पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मानेशी आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये तू तपकिरी चरबीचा साठा करून ठेवतोस. गारवा लागला की बाळ तो जाळतं आणि आपल्यापुरती ऊब करून घेतं. हा साठा भरतो शेवटच्या महिन्यांत. हिचे नेमके तेच महिने राहून गेले. पण तू रिकामी नाही पाठवलीस तिला. पाठीवर, दंडांवर, कपाळाच्या कडेला बारीक लव आहे, इतकी मऊ की काचेतून दिसते न दिसते. लवकर आलेल्या बाळांना असतेच, आपोआप गळून जाते, असं सिस्टर म्हणाल्या. बाप्पा, ती तुझ्या हातची लोकर. तिच्यावर मी आणखी काय घालणार?

तरी विणते. राग मानू नकोस.

लोकर आधीच आणून ठेवली होती. पिवळी आणली, कारण मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सुई लावली नव्हती. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही करू नये, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पहिलं वस्त्रसुद्धा जुन्याचं हवं. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचं झबलं. तेही काढून ठेवलं होतं मी. ते कपाटातच राहिलं, कारण पेटीत झबलंही चालत नाही. आणि लोकर तर मुळीच नाही. तिचे तंतू सुटतात, बाळाच्या नाकात जातात, आजी, सिस्टर म्हणाल्या, घरी न्याल तेव्हा घाला.

घरी न्याल तेव्हा. त्यांनी हे किती सहज म्हटलं! त्या मुलीचं भलं कर, बाप्पा. असं सहज बोलता येणाऱ्या सगळ्यांचं भलं कर.

मग मी माप घ्यायला बसले. आणि इथे मला तुझ्याशी जरा बोलायचं आहे.

आज हिच्या छातीचा घेर दहा इंचांच्या आसपास आहे. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा तेरा असतो. वर्षाच्या बाळाला वीस इंचांचा स्वेटर लागतो, तोही जरा ऐसपैस हवा, आत आणखी एक कपडा जाईल असा. आता मी कुठलं माप धरू? आजचं धरलं तर आज घालता येत नाही. फेब्रुवारीचं धरलं तर ती त्या मापाला येईपर्यंत पुण्यात ऊन चढलेलं असेल. हिशेब केला तर उत्तर एकच येत होतं, पुढचा हिवाळा. म्हणून मी वीस इंचांचं माप धरून गळ्याचे टाके घातले. पुढच्या दिवाळीनंतर, पहाटे दात वाजायला लागतील तेव्हा घालायचा स्वेटर. तेव्हा ती वर्षाला आली असेल. कशाला तरी धरून उभी राहात असेल. टोपी काढून फेकत असेल.

हिशेबाचं कारण खरं आहे. पण तुझ्यापुढे अर्धं सांगण्यात काय अर्थ? दुसरं कारण असं की लहान माप माझ्या हातात धरवेना. दहा इंचांचे टाके घालून पाहिले होते. तेवढासा गळा सुईवर बघून मी सुई खाली ठेवली. एवढासा स्वेटर विणून ठेवायचा आणि... पुढचं मी तुझ्यापुढेही बोलत नाही. म्हणून मोठं माप घेतलं. माझ्या जावेला वाटतं, किती विश्वास आहे हिचा! विश्वास नाही रे, बाप्पा, भीती आहे. भीतीला मोठ्या मापाचं घातलंय इतकंच. तुला त्यात विश्वास दिसत असेल तर दिसू दे, मी अडवत नाही.

पुढचा हिवाळा दे. मला नाही दिलास तरी चालेल. तिला दे.

आता दुसरी गोष्ट, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही. लेकीचा रक्तदाब चढत गेला आणि डॉक्टर म्हणाले की आता थांबता येणार नाही, बाळ बाहेर काढावं लागेल. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तेव्हा तुझ्याकडे काय मागितलं ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, माझी लेक दे. परत परत तेवढंच म्हटलं. माझी लेक दे, माझी लेक दे. आतल्या त्या दुसऱ्या जिवाचा उल्लेखसुद्धा माझ्या तोंडून आला नाही. ती मला अजून दिसलेली नव्हती, आणि लेकीला मी तिच्या पहिल्या श्वासापासून ओळखत होते. आईचं मन असं आखूड असतं का, देवा? की आजीचं अजून उगवायचं होतं? तू माझं बोलणं शब्दाला शब्द धरून घेतलं नाहीस. दोघी दिल्यास. मागितली एक, दिल्यास दोन, आणि वर काही ऐकवलंही नाहीस. या उपकाराला मी काय म्हणू? ती नात मोठी झाली की मी तिला हे सांगणार आहे. बाई गं, तुझं नाव माझ्या यादीत नव्हतं, सांगेन. ती रागावेल, हसेल, पदर ओढेल. तेवढी मोठी कर तिला. माझ्यावर रागावण्याइतकी मोठी कर.

नवसही बोलले होते. आधी एकवीस मोदक. मग वाटलं कमी पडतील, म्हणून सव्वा किलो पेढे, मग पायी थेऊर, मग चांदीच्या दूर्वा. आत ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर मी बोली वाढवत होते. तू काही लिलावाला उभा नव्हतास. मोदक मी करणार आहेच, थेऊरलाही येईन गुडघे चालले तर. पण त्यातली अट मी काढून घेतली आहे. तू दे किंवा देऊ नकोस, मोदक तुझे.

नाही, हे खोटं झालं. देऊ नकोस असं मला म्हणता येत नाही. दे.

तुझ्या आईची तुला शपथ घालते. अंगाच्या मळाचं तुला तिनं हातांनी घडवलं, दारात बसवलं, आणि अंघोळ करून येते तर काय बघते? तेव्हा ती शहाण्यासारखी गप्प बसली नाही. तिनं तिन्ही लोक हलवले. माझं लेकरू मला उठवून द्या, म्हणाली, बाकीचं मला सांगू नका. हत्तीचं डोकं चालेल, काहीही चालेल, पण उठवून द्या. तू त्या हट्टातून परत आलेला देव आहेस. काचेला कपाळ टेकून उभी राहिलेली माझी लेक तुला परकी कशी वाटेल? तीही हाच हट्ट करते आहे, फक्त तिला मोठ्यानं करता येत नाही, तिथे शांतता पाळा अशी पाटी आहे.

पाचवीच्या रात्री आम्ही घरी पाट मांडला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. बाळ तिकडे काचेत, पाट इकडे. सटवाईला पत्ता सापडला असेल ना? तू सांगितला असशील ना? तिनं थोडक्यात उरकलं नसेल ना?

आणि आता आभार. मागताना वेळ जातो आणि आभार उरतात, म्हणून आधीच म्हणून घेते. ज्या मेंढीच्या पाठीवर ही लोकर वाढली, तिला सुखी ठेव. दुकानात गुंडा गालाला लावून पाहिला, मग मानेला, मानेला कळतं लगेच, टोचला नाही. मेरिनोचा तंतू इतका बारीक असतो की कातडीवर रुततच नाही. आपल्या माणदेशातल्या मेंढ्यांची लोकर राठ, तिची घोंगडी जन्मभर जाते, त्या मेंढ्यांनाही सुखी ठेव, आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या धनगरांनाही. माझ्या लेकीला पहिले काही दिवस दूध आलं नाही. तेव्हा हिच्या पोटात थेंब थेंब गेलं ते कुणा अनोळखी बायांचं दूध होतं. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी काढली, आशियातली पहिली. तिथून ही रीत आपल्याकडे सुरू झाली. त्या अनोळखी बायांच्या लेकरांना पुरून उरेल एवढं दे. ही बाळं श्वास घ्यायला विसरतात, बाप्पा, मग यंत्र ओरडतं आणि सिस्टर तळव्याला टिचकी मारून आठवण करून देतात. त्या टिचकी मारणाऱ्या बोटाचे आभार. श्वासाचं विसरू नये म्हणून औषध देतात ते कॉफीतलं, कॅफीन. माझ्या नातीनं माझ्याआधी कॉफी घेतली, याचेही आभार, त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

आणि छातीशी धरण्याचे आभार. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात पेट्या कमी पडायला लागल्या, तेव्हा एदगार रे नावाच्या डॉक्टरानं बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला लावली. पेटीच्या तोडीची ऊब निघाली. आता आपल्याकडेही ठेवतात, कांगारूसारखं म्हणतात. लेक तासन्‌तास तशी बसते. ती थकली की जावई बसतो. केवढा दांडगा माणूस तो, शर्टाची बटणं काढून, मान न हलवता, श्वाससुद्धा जपून घेत बसतो, आणि त्याच्या छातीवर ही एवढीशी, टोपी आणि लंगोटावर. काचेतून मी पाहिलं ते. त्याच्याशी लग्नाच्या वेळी मी जे काही बोलले होते ते त्याच्या मनातून पुसून टाक, जमलं तर.

माझ्याजवळ दूध नाही. माझी छाती चालत नाही, आत फक्त आईबापांना सोडतात, आणि योग्यच आहे, गर्दीनं जंतू जातात. मी काचेबाहेरची. माझ्या वाट्याला सुया आल्या. एवढंच माझं काम आणि तेही आज उपयोगाचं नाही, पुढच्या हिवाळ्याचं. बाप्पा, तुझ्या एवढ्या कारखान्यात माझं हे काम कुठे बसतं कोण जाणे. पण हात रिकामे ठेवले की ते थरथरतात. सुया दिल्यास, बरं केलंस.

स्वेटर गळ्यापासून खाली विणत चालले आहे, एकसंध. तुकडे करून शिवला तर शिवण आतून टोचते, म्हणून शिवण नकोच. बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले आहेत. एक सुलट, एक उलट करत पट्टी झाली, बाकी सगळं साधं, जाळी नाही, नक्षी नाही. भोकात बाळाची बोटं अडकतात. बटणंही काखेच्या वरच, तिच्या तोंडात जाणार नाहीत इतकी घट्ट लावणार. हे तुला का सांगते? कारण विणताना रोज एक गोष्ट दिसते आणि घशाशी येते. विणून झालेला टाका सुरक्षित असतो, वरच्या टाक्यानं त्याला धरलेलं असतं. सुईवरचे टाके उघडे असतात. त्यांना धरणारी ओळ अजून यायची असते, तोवर त्यांना फक्त सुईचा आधार. आमचं बाळ आत्ता सुईवर आहे, बाप्पा. ओळ पुरी होईपर्यंत सुई ओढू नकोस.

ओढू नकोस. घाई करू नकोस. हवा तेवढा वेळ घे, पण हातातून ठेवू नकोस.

लेकीलाही सांभाळ. टाके ओले आहेत तिचे, आणि ती स्वतःला दोष देत बसते, नऊ महिने धरता आलं नाही म्हणून. तिला सांग, तुझ्या परीनं सांग, माझं ऐकत नाही. डिंकाचे लाडू पाठवते ते खाऊ दे. रात्री दूध काढायला उठते तेव्हा तिच्या पाठीशी राहा.

आणि वॉर्डातल्या इतरांचं बघ. आमच्या शेजारच्या पेटीतलं बाळ हिच्याहूनही हलकं आहे. त्याची आजी गावाहून आली आहे, पायऱ्यांवर बसते, डबा उघडला की आधी मला विचारते. तिनं कुठला देव धरला आहे मला माहीत नाही. तुझ्याकडे तिचं काही आलं असेल तर माझ्याआधी ते घे. हे म्हणताना जीभ जड होते, ते तुला दिसतंय. तरी घे.

आता मागणं. मोठं मागणं स्वेटरच्या मापात घातलं आहे, ते वेगळं बोलत नाही. आजचं मागणं लहान आहे. पहिल्या दिवसांत तिचं वजन उतरलं, उतरतंच म्हणतात, तेराशे चाळीसवर आलं, मग थांबलं, मग चढायला लागलं. काल जन्माच्या वजनाला परत आली. आता रोज वीस ग्रॅम चढायला हवं, असं डॉक्टर म्हणतात. वीस ग्रॅम म्हणजे काय हे मला कळेना, म्हणून लोकरीचा गुंडा हातात घेतला. पन्नास ग्रॅमचा. त्याच्या अर्ध्याहूनही कमी. एवढ्यासाठी आमचं आख्खं घर सकाळी फोनकडे बघत बसतं. तुझ्याकडे डोंगर असतील, आम्हाला अर्धा गुंडासुद्धा नको.

वीस दे, बाप्पा. उद्या वीस, परवा वीस. पंचवीस दिलेस तर परत करणार नाही. एखाद्या दिवशी दहाच दिलेस तर कुरकुरेन, पण नमस्कार चुकवणार नाही. उतरवू मात्र नकोस.

लेकीचा फोन साडेनऊला येतो. तोवर मी डाव्या बाहीचे टाके सुईवर घेते. तू तिकडचं बघ.